आंबा केव्हा व कसा उतरावा

झाडाला पाड लागला, की मुले काठ्या-दगड घेऊन धावतात आणि वर्षभर वाट पाहिलेले फळ आढीत कुजते. हा पाठ शिक्षकांनी झाडाखालीच घ्यावा.

पाड लागला म्हणजे सगळीच फळे तयार झाली, असे नव्हे. ज्याचे खांदे देठाच्या वर आले व हिरवा रंग फिकटला, तेच उतरावे. शंका वाटल्यास एक फळ पाण्यात सोडावे : कोवळे तरंगते, तयार बुडते. झेल्याने, बोटाच्या पेराएवढा देठ राखून फळ काढावे. देठ मुळाशी तुटल्यास चीक ओघळून साल डागाळते व तेथूनच फळ नासू लागते. जमिनीवर आपटलेला आंबा बाहेरून धड दिसतो, म्हणूनच फसवतो. तो आढीत न घालता त्याचे पन्हे करावे.