चांदोलीचें रान

आपणां नागपूरकरांस जंगल म्हटलें कीं साग आठवतो, आणि तो तर उन्हाळ्यांत पर्णहीन असतो. सांगलीच्या पश्चिमेस सह्याद्रींत असलेलें चांदोलीचें रान मात्र बव्हंशीं हिरवेंच राहतें. समुद्रावरून आलेले पावसाळी ढग कड्यांस अडून तेथें रिते होतात. त्याच पाण्यानें वारणा नदी भरते. कड्यावरील प्रचितगड कोंकणांतून वर येणाऱ्या वाटेवर नजर ठेवी.

परंतु हें रान निर्मनुष्य नव्हतें, हें आम्ही मुलांस मुद्दाम सांगतों. वारणेवर धरण झालें. १९८५ सालीं अभयारण्य, २००४ सालीं राष्ट्रीय उद्यान व २०१० सालीं कोयनेसह व्याघ्रप्रकल्प झाला. नकाशावर रेषा ओढणें सोपें. गांवकऱ्यांस मात्र देव, घरें व शेतें सोडून दूर वस्ती करावी लागली. त्यांच्या पडीत शेतांत आतां गवत वाढतें व गवे चरतात.