मामाची द्राक्षबाग आणि एक खोडलेला शब्द (इयत्ता चौथी, परिसर अभ्यास)



आजचा पाठ मी आधी ठरवलेला नव्हता. माझ्याच एका चुकीतून तो तयार झाला, म्हणून चुकीपासूनच सुरुवात करते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथीच्या मुलांना ‘मी सुट्टीत काय पाहिले’ या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. आमची शाळा मुलुंडची. बहुतेक वह्यांमध्ये किल्ला, फटाके, फराळ आणि मॉल. एका मुलाने मात्र निफाड तालुक्यातल्या मामाच्या बागेबद्दल लिहिलं होतं. मामाने वेलीच्या काड्या कशा छाटल्या, डोळ्यांवर ब्रशने पेस्ट कशी लावली, सगळं बारकाईने. शेवटची ओळ होती, ‘मामाच्या द्राक्षांची लाल वाइन बनते आणि ती मुंबईला येते.’

मी लाल पेनाने ‘वाइन’ खोडलं आणि वर ‘द्राक्षरस’ लिहिलं. खरं सांगायचं तर फार विचारही केला नाही. चौथीच्या वहीत हा शब्द नको, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा टेबलाजवळ येऊन म्हणाला, “बाई, मामा खोटं बोलला का?” आणि संध्याकाळी शाळा सुटताना त्याची आई थांबली. रागावून नाही, हळूच बोलली. “बाई, माझा भाऊ दारूवाला नाही हो. शेतकरी आहे. गावात आमच्या घरी कुणी थेंब घेत नाही.”

“ताई, चूक माझी झाली,” म्हटलं मी. पण नुसतं तेवढं म्हणून भागणार नव्हतं, कारण वर्गातल्या चार मुलांनी त्याला ‘दारूवाल्याचा भाचा’ म्हणायला सुरुवात केली होती. मग ठरवलं, पाठच घ्यायचा.

आधी मुख्याध्यापकांना सांगितलं, पालकांच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. पाठ द्राक्ष, आंबवणे आणि शेतकऱ्याचं काम यावर आहे, वर्गात वाइन आणली जाणार नाही, असं स्पष्ट लिहिलं. हे करा बरं का, नाहीतर पाठापेक्षा त्याची चर्चा मोठी होते.

वर्गात आम्ही काळी द्राक्षं घेऊन बसलो. पहिला प्रश्न, काळ्या द्राक्षाचा रस कोणत्या रंगाचा? सगळे ओरडले, “काळा! जांभळा!” एकेक द्राक्ष सोलून गर पांढऱ्या बशीत दाबायला सांगितला. रस निघाला जवळजवळ पाण्यासारखा. मुलं बघतच राहिली. रंग असतो सालीत. ती सालं कोमट पाण्यात चुरली तेव्हा पाणी जांभळं झालं. त्यात लिंबू पिळलं की लालसर होतं आणि खायचा सोडा टाकला की निळसर-हिरवट. मुलांना हा भाग सगळ्यात जास्त आवडला. लाल वाइन लाल का असते याचं उत्तरही इथेच आहे. लाल वाइन करताना रस सालींसकट आंबवतात. पांढरी करताना द्राक्षं आधी दाबून रस सालींपासून वेगळा करतात.

आंबवणं समजवायला इडलीचं पीठ पुरेसं आहे. रात्रीत पातेल्याबाहेर कोण आलं? मुलांना माहीत असतं. पण इडलीत मुख्य काम जिवाणूंचं, वाइनमध्ये यीस्टचं. यीस्ट साखर खातं आणि त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. लहान बाटलीत कोमट पाणी, दोन चमचे साखर, एक चमचा यीस्ट घालून तोंडाला फुगा लावला. मधल्या सुट्टीपर्यंत फुगा उभा राहिला. (हे पाणी कुणी चाखणार नाही, एवढं बघा. एक महाभाग तयारच होता.)

मग बागेकडे वळलो, आणि इथे शिक्षक तो मुलगाच झाला. महाराष्ट्रात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. त्याने सुट्टीत पाहिली ती गोडी छाटणी. तिच्यानंतर जे घड येतात ते जानेवारी ते मार्चमध्ये तयार होतात. आपण खातो ती द्राक्षं मोठी, पातळ सालीची, बिनबियांची. वाइनची द्राक्षं लहान, जाड सालीची, बिया असलेली आणि चवीला जास्त गोड. कॅबरने, शिराझ ही त्यांची नावं मुलांना फार मजेशीर वाटली. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात.

वेलीवर केवडा रोग पडतो, त्यावर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात. त्याची गोष्ट जरूर सांगा. फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून शेतकरी वेलींवर हे निळसर मिश्रण मारायचे. १८८० च्या दशकात मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर रोग नाही. चोरांसाठी केलेला उपाय औषध ठरला! आणि दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराईज्ड’ लिहिलेलं असतं ना, त्या लुई पाश्चरने १८६० च्या दशकात सौम्य उष्णतेचा हा उपाय आधी शोधला तो वाइन खराब होऊ नये म्हणून. दूध नंतर आलं.

आपल्याकडे सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले आणि नाशिकभोवती वायनरी वाढल्या. काहींच्या नावातच घर आहे. राजीव सामंतांनी ‘सुला’ हे नाव आईच्या, म्हणजे सुलभा या नावावरून घेतलं. गंगापूर धरणाजवळची ‘यॉर्क’ एका कुटुंबाने सुरू केली, नाव तीन मुलांच्या आद्याक्षरांचं: योगिता, रवी, कैलाश. आता ती सुलाकडे आहे. मुलांनी लगेच आपापल्या भावंडांची अक्षरं जोडून कंपन्या काढल्या!

पण शेतकऱ्याची बाजूही सांगितली. २००८ च्या मंदीनंतर वाइनचा धंदा बसला आणि अनेकांनी हौसेने लावलेल्या वाइनच्या बागा काढून टाकल्या. वेल लावल्यावर पीक हातात यायला दोनेक वर्षं जातात. खायचं द्राक्ष निदान बाजारात नेता येतं, या लहान आंबटगोड बियांच्या द्राक्षाला वायनरीशिवाय गिऱ्हाईक नाही. मुलगा म्हणाला, “म्हणून मामाने अर्धी बाग थॉमसनची ठेवलीय.” चौथीतल्या पोराने अर्थशास्त्र एका वाक्यात सांगितलं.

आणि मग तो प्रश्न आला, ज्याची मला धास्ती होती. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, माझे पप्पा पितात ते पण द्राक्षाचंच असतं का?”

वर्ग एकदम गप्प. मी तिला खरं तेच सांगितलं. “बहुतेक नसेल. दारू बऱ्याच गोष्टींपासून बनते. पण अल्कोहोल दोन्हीत असतं, वाइनमध्येसुद्धा. ते शरीराला त्रास देतं, त्याची सवय लागू शकते, आणि लहान मुलांसाठी तर ते नाहीच. आपल्या राज्यात कायद्याने वाइनलाही २१ वर्षांची अट आहे.” कुणीतरी विचारलं, “मग मामा वाईट काम करतो?” मी म्हटलं, मामा द्राक्ष पिकवतो, कष्टाने पिकवतो. वाइन घ्यावी की नाही यावर मोठ्या माणसांचंही एकमत नाही. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं सरकारने ठरवलं तेव्हा केवढा वाद झाला होता. तुम्ही मोठे झालात की तुमचं मत बनवा, पण कुणाच्या भाच्याला चिडवून नाही.

मधल्या सुट्टीत त्या मुलीजवळ बसले. डबा खात ती बरंच बोलली. ते इथे लिहीत नाही. नंतर दोनदा तिच्या आईशी बोलणं झालं आणि शाळेच्या समुपदेशक ताईंनाही त्यात घेतलं. हा पाठ घ्याल तेव्हा असा प्रश्न येणारच असं धरून चाला आणि त्या दिवशी मधली सुट्टी मोकळी ठेवा. ‘वाइन म्हणजे दारू नव्हेच’ असं मुलांना सांगू नका. ज्याच्या घरात रोज भांडण होतं त्या मुलाला ते खोटं आहे हे कळतं.

शाईचं लाल पेन खोडता येत नाही. म्हणून त्या वहीत माझ्या ‘द्राक्षरस’वर पांढरी चिठ्ठी चिकटवली आणि मुलाला त्यावर त्याचा शब्द पुन्हा लिहायला दिला. त्याने ‘वाइन’ लिहिलं, आणि पुढे कंसात स्वतःहून, ‘मामा पित नाही’.

काळी द्राक्षं बाजारात जानेवारीपासून मिळतात, पाठ तेव्हा घ्या. चाळीस मुलांना अर्धा किलो भरपूर होतात. आधी मिठाच्या पाण्यात नीट धुवून घ्या, कारण कितीही सांगितलं तरी निम्मी प्रयोगाआधीच खाल्ली जातात.