गादी विकत घेतांना

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपणां सर्वांस लहानपणींच पाठ होते. परंतु तें अंथरूण पाहावें कसें, हें मात्र कोणी शिकवीत नाहीं. कापड घेतांना आपण तें चोळून पाहतों, तांदूळ घेतांना दाणा दांतांखालीं चावून पाहतों. आणि जिच्यावर दररोज सात-आठ तास देह टाकावयाचा ती गादी मात्र तळहातानें दोनदां दाबून घरीं आणतों. आम्हींही तेंच केलें. त्या चुकीचा भुर्दंड आमच्या मातोश्रींच्या पाठीस सोसावा लागला, म्हणून या विषयावर चार शब्द लिहीत आहों.

हकीकत अशी. मातोश्रींची कापसाची गादी जुनी होऊन तिच्यांत गोळे झाले होते. महिन्याच्या खर्चांतून थोडेथोडे बाजूस टाकून आम्हीं पांच हजार रुपये जमविले. दसऱ्याच्या सुमारास एका दुकानांत ८ इंच जाडीची फोमची गादी दिसली. छापील किंमत दहा हजार, सणाच्या सवलतीनें पांच हजार, आणि वर दहा वर्षांची हमी ! हात लावला तों लोण्यासारखी मऊ. एवढी जाड गादी एवढ्या पैशांत मिळते हें पाहून आम्हांस आपल्या चातुर्याचें कौतुकच वाटलें. दहाव्या महिन्यांत गादीच्या मध्यभागीं खळगा पडला. मातोश्री सकाळीं खाटेची कड धरून, अर्धा क्षण थांबून उठूं लागल्या. हमीपत्र घेऊन दुकानीं गेलों, तेव्हां त्यांतील बारीक अक्षरांचें एक कलम आम्हांस वाचून दाखविण्यांत आलें : दीड इंचापेक्षां कमी खोल खळगा हा दोष समजला जाणार नाहीं. घरीं येऊन गादीवर आडवी दोरी ताणली व पट्टीनें मोजलें. खळगा सव्वा इंच भरला.

त्या रात्रीं आम्हांस आमचीच लाज वाटली. कारण वस्तुमानास आकारमानानें भागिलें असतां घनता निघते, हें आम्ही दर वर्षीं मुलांस फळ्यावर शिकवितों, आणि दुकानांत शिरतांना तें सूत्र दाराबाहेर चपलांपाशीं ठेवून आंत गेलों होतों. फोम म्हणजे काय ? पॉलियुरेथेन नांवाच्या कृत्रिम पदार्थाचा फुगविलेला फेंस. हा पदार्थ जर्मनींत ऑटो बायर यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९३७ सालीं शोधून काढिला. त्याच्या असंख्य बारीक पोकळ्यांत हवा असते. भार सोसतो तो पोकळ्यांभोंवतालचा पदार्थ. पदार्थ कमी आणि हवा अधिक असेल, तर गादी जाड दिसेल, मऊही लागेल, पण त्या पोकळ्या रोजच्या भाराखालीं लवकरच मोडतील.

आतां आमच्या गादीचें गणित पाहा. लांबी ६ फूट म्हणजे १.८३ मीटर, रुंदी ३ फूट म्हणजे ०.९१४ मीटर, जाडी ८ इंच म्हणजे ०.२०३ मीटर. गुणाकार केला कीं सुमारें ०.३४ घनमीटर होतात. घरांत माणसें तोलण्याचा कांटा होता. त्यावर आधीं आम्ही एकटे उभे राहिलों, मग गादी उचलून घेऊन उभे राहिलों. वजनांतील फरक ६ किलो. खोळीचें म्हणून १ किलो वजा केलें. उरलेल्या ५ किलोंस ०.३४ नें भागिलें, तों घनता निघाली एका घनमीटरास १५ किलोंच्या आंतच. मोठ्या माणसाच्या नित्याच्या निजण्यास ३२ किलो किंवा त्याहून अधिक घनतेचा फोम असावा, असें या धंद्यांतील जाणते लोक सांगतात. तेवढेच पांच किलो ४ इंच जाडीच्या गादींत असते, तर घनता जवळजवळ तिशीस पोंचली असती. याचा अर्थ, आम्हीं चार इंचांचा माल आठ इंचांपर्यंत फुगवून घेतला आणि उरलेल्या हवेचे पैसे मोजले.

यावरून गादी घ्यावयास जातांना खिशांत मोजपट्टी असावी आणि दुकानदारास वजन विचारण्याचा संकोच नसावा. मात्र केवळ वजनावरही भिस्त ठेवूं नये. कांहीं कारखानदार फोमांत खडूसारखी भुकटी मिसळून वजन वाढवितात. तसेंच फोमचे तुकडे एकत्र चिकटवून केलेला ‘रिबॉन्डेड’ फोम बराच जड व टणक असतो. तो तळच्या थरास चांगला, पण सबंध गादी त्याचीच केली तर अंगास टोंचल्यासारखी लागते. खोळीस चेन असेल तर ती उघडून आंत काय आहे तें डोळ्यांनीं पाहावें. चेन उघडूं न देणाऱ्या दुकानांतून आम्ही तरी यापुढें गादी घेणार नाहीं.

घनता निराळी आणि कठिणपणा निराळा, हें येथेंच सांगितलें पाहिजे. दाट फोम मऊही करतां येतो, विरळ फोम टणकही. आपल्याकडे पाठ दुखूं लागली कीं वडीलधारीं माणसें फळीवर निजावयास सांगतात. स्पेनमध्यें ३१३ पाठदुखीच्या रुग्णांवर ९० दिवस एक प्रयोग करण्यांत आला व तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत २००३ सालीं प्रसिद्ध झाला. कोणास कोणती गादी मिळाली हें रुग्णांसही ठाऊक नव्हतें. त्यांत टणक गादीवाल्यांपेक्षां मध्यम टणक गादीवाल्यांस अधिक आराम पडला. तेव्हां दगडासारखी नको आणि लोण्यासारखीही नको. पाहण्याची रीत अशी : पादत्राणें काढून, आपण घरीं ज्या कुशीवर निजतों त्याच कुशीवर दहा मिनिटें स्वस्थ पडावें. लोक हंसतात, हंसूं द्यावें. खांदा व कंबर थोडीं आंत शिरावीं आणि कण्याची रेघ सरळ राहावी. ती सरळ आहे कीं नाहीं, हें बरोबरच्या माणसानें मागून पाहावें. ज्याच्यासाठीं गादी घ्यावयाची त्यासच दुकानांत न्यावें, कारण चाळीस किलोंच्या मुलास जी टणक लागते तीच ऐंशी किलोंच्या गृहस्थाखालीं दबून जाते. आम्हीं मातोश्रींस न नेतां गादी आणली, ही आमची दुसरी चूक.

तिसरी चूक खाटेची. नवाराची खाट मध्यें सैल झाली असेल, तर तिजवर कितीही उत्तम गादी घाला, ती खाटेचाच आकार घेते. आमची खाट तशीच निघाली. आधीं नवार ताणून घ्यावी किंवा फळ्या घालाव्या. हा खर्च थोडक्यांत होतो आणि कधीं कधीं नव्या गादीची गरजच उरत नाहीं.

आतां कापसाच्या गादीविषयीं. मातोश्री म्हणाल्या, “अरे, आपल्या पिंजाऱ्याला विचारून तर बघ.” बाजारपेठेच्या टोंकास एक वृद्ध पिंजारी आहेत, सर्व त्यांस चाचा म्हणतात. हातांतलें पिंजण जाऊन त्यांच्याकडे आतां विजेचें यंत्र आलें आहे. ते म्हणाले, “मास्तर, कापूस तुम्ही स्वतः बघून घ्या. पांढरा दिसतो तो सगळा कापूस नसतो.” शिंप्यांच्या व गिरणीच्या चिंध्या पिंजून केलेला माल स्वस्त मिळतो, त्यांत कृत्रिम धागा असतो व त्याचे गोळे लवकर होतात. परीक्षा सोपी आहे. चिमूटभर तंतु चिमट्यांत धरून, वडील माणूस जवळ असतां, पेटवून पाहावे. खरा कापूस कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच येतो, आणि मागें मऊ राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी होतो. सांवरीचा कापूस अतिशय मऊ, पण तो दबतो. त्याच्या उशा कराव्या, गादी करूं नये. गादीपाटाचें कापड घट्ट विणीचें घ्यावें, नाहीं तर महिन्याभरांत तंतु बाहेर येऊं लागतात.

आमच्या गादीस ९ किलो कापूस लागला. त्यांतील पांच किलो जुन्या गादीचाच होता; चाचांनीं तो पिंजून दिला. सर्व मिळून फोमच्या गादीच्या निम्म्याहूनही कमी खर्च आला. त्यांनीं टांके जवळजवळ घातले आहेत, त्यामुळें कापूस एकीकडे सरकत नाहीं. मातोश्री आतां कड न धरतां उठतात असें लिहिलें तर अतिशयोक्ति होईल. धरतात, पण थांबत नाहींत.

तथापि कापसाच्या गादीचा कैवार घेणें हा आमचा हेतु नव्हे. ती जड असते, दर आठवड्यास उचलून उन्हांत घालावी लागते, आणि दोन-तीन वर्षांनीं पुन्हां पिंजावी लागते. आमच्या घरीं हें काम रविवारीं आमचे दोन मुलगे कुरकुरत करतात. ज्या घरीं असें कोणी नाहीं, तेथें काथ्या व रबर यांच्या थरावर चांगल्या घनतेचा दोन इंच फोम घातलेली गादी अधिक सोयीची. ती हवा खेळणारी असते. स्प्रिंगची किंवा खऱ्या लॅटेक्सची गादी चांगली असली तरी थोड्या पैशांत चांगली मिळत नाहीं. थोड्या पैशांत मिळते ती बहुधा चांगली नसते. जे विद्यार्थी पुढें वसतिगृहांत राहून जमिनीवर अंथरूण घालतील, त्यांनीं गादी कोणतीही असो, पावसाळ्यांत ती सकाळीं उचलून भिंतीस उभी करावी. अंगाचा घाम व जमिनीची ओल खालच्या बाजूस साठून बुरशी धरते.

आतां गणिताच्या वर्गासाठीं एक उदाहरण देतों. एक गादी ७२ इंच लांब, ३६ इंच रुंद व ५ इंच जाड आहे. खोळीसह तिचें वजन साडेसहा किलो भरलें. खोळ १ किलो धरावी. लेबलावर घनता ४० छापिली आहे. खरी घनता काढा, आणि दुकानदारास काय विचाराल तें एका वाक्यांत लिहा.