मातीच्या पेटीकडे पाठ फिरवणारे मांजर

बदलीचा आदेश हाती पडला की बँक कर्मचाऱ्याच्या घरी याद्या होऊ लागतात. मुलांचे शाळेचे दाखले, गॅसची जोडणी, नव्या गावातील भाड्याचे घर, सामानाचा ट्रक अशा सर्व बाबींचा त्यांत विचार असतो. घरात मांजर असेल तर तेही एका जाळीदार पिंजऱ्यात बसून प्रवासाला निघते. यादीत त्याच्या नावापुढे मात्र फारसे काही लिहिलेले नसते. नव्या घरी पोहोचल्यावर आठ-दहा दिवसांनी एखाद्या सकाळी अंथरुणावर, सतरंजीवर किंवा धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर ओला डाग दिसतो आणि खोलीभर उग्र दर्प पसरतो. चार वर्षे नेमाने मातीच्या पेटीत जाणारे मांजर अकस्मात तिकडे पाठ फिरवते. घरातील मंडळी प्रथम चकित होतात, मग चिडतात. हा प्रकार महिनाभर चालला तर ‘याला कुठेतरी सोडून द्यावे’ हा विचार घरात उच्चारला जातो. मांजर घराबाहेर काढले जाण्यामागे जगभर जी कारणे आढळतात, त्यांत हे एक प्रमुख कारण आहे. वास्तविक बहुतेक वेळा हा दोष दूर करता येतो. त्यासाठी मांजराचा स्वभाव आणि शरीरधर्म समजून घेणे मात्र आवश्यक असते.

चंदीगडलगतच्या एयरोसिटीचे उदाहरण येथे उपयोगी ठरेल. ग्रेटर मोहाली क्षेत्र विकास प्राधिकरणाने विकसित केलेली ही वसाहत पंजाबातील मोहाली शहराच्या हद्दीत, चंदीगडच्या विमानतळाजवळ वसली आहे. 2015 साली विमानतळाची नवी इमारत सुरू झाली आणि 2022 साली त्याला शहीद भगतसिंग यांचे नाव देण्यात आले. बँका, विमा कंपन्या आणि विविध शासकीय कार्यालये यांत बदलीने येणारी कुटुंबे या परिसरात घर शोधतात. त्यांत मराठी कुटुंबेही असतात. पुण्याच्या किंवा नाशिकच्या घरातून अशा वसाहतीत आलेल्या मांजराची कल्पना करावी. डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचा आवाज, आजूबाजूच्या बांधकामांची ठोकाठोक, अनोळखी वास, डिसेंबर-जानेवारीतील दाट धुके व हाडे गोठवणारी थंडी, मे-जूनमध्ये चाळीस अंशांपलीकडे जाणारा पारा. हे सारे त्याला एकदम नवे असते. त्यात जागेच्या सोयीसाठी त्याची पेटी बाल्कनीत ठेवलेली असते. जानेवारीच्या रात्री बर्फासारख्या गार फरशीवरून तेथवर जाण्यापेक्षा पलंगावरची रजई त्याला अधिक सोयीची वाटली, तर त्यात नवल नाही.

मांजर माती का शोधते?

घरमांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर. सायप्रस बेटावर माणसाच्या शेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडल्याचे 2004 साली प्रसिद्ध झाले. इतका दीर्घ सहवास घडूनही मांजराचे शरीर कोरड्या प्रदेशातील प्राण्याचेच राहिले आहे. ते पाणी कमी पिते, त्याची मूत्रपिंडे मूत्र अत्यंत दाट करतात आणि म्हणूनच त्या मूत्राचा वास इतका तीव्र असतो. मऊ, सैल मातीत खड्डा करणे आणि वर माती लोटणे ही त्याची उपजत प्रवृत्ती आहे. ती शिकवावी लागत नाही. तिला योग्य जागा तेवढी पुरवावी लागते.

जुन्या वाड्यांना परसदार होते, तेव्हा ही जागा निसर्गतःच मिळत असे. चाळीत व पुढे सदनिकेत घमेल्यात माती, वाळू किंवा चुलीतील राख घालून ती सोय केली जाई. 1947 साली अमेरिकेतील एडवर्ड लो यांनी ओलावा शोषणारी दाणेदार चिकणमाती मांजरांसाठी विकण्यास प्रारंभ केला. 1980 च्या दशकात ओली होताच तिच्या गुठळ्या बनतात अशी बेंटोनाइट माती प्रचारात आली. आपल्याकडे गुजरात व राजस्थानात बेंटोनाइटचे मोठे साठे आहेत. आज बाजारात ‘कॅट लिटर’ या नावाने मिळणारी माती बहुधा याच जातीची असते.

प्रथम पशुवैद्य, मग इतर उपाय

मांजराने सवय मोडली की ‘ते सूड उगवते’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. पशुवैद्यकशास्त्र या समजुतीस आधार देत नाही. नव्याने सुरू झालेली ही तक्रार प्रथम आजाराचे लक्षण समजावी. मूत्राशयाचा दाह, खडे, मूत्रपिंडांचा विकार, मधुमेह, जुलाब किंवा बद्धकोष्ठ यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. पेटीत बसताना वेदना झाल्या की मांजर त्या वेदनांचा संबंध पेटीशी जोडते आणि दुसरी जागा शोधू लागते. आजार बरा झाल्यावरही ही धास्ती काही काळ टिकते.

वृद्ध मांजरांच्या बाबतीत सांध्यांकडे लक्ष द्यावे. बारा वर्षांवरील शंभर मांजरांच्या क्ष-किरण तपासणीचा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील नव्वद मांजरांमध्ये सांधे झिजल्याच्या खुणा आढळल्या. अशा मांजराला उंच काठ ओलांडणे किंवा जिना उतरणे कष्टाचे होते. त्याची पेटी एका बाजूने सखल असावी व ते जेथे झोपते त्याच मजल्यावर असावी.

एक लक्षण मात्र क्षणाचाही विलंब सहन करीत नाही. बोका वारंवार पेटीत जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, जननेंद्रिय चाटतो आणि मूत्र मात्र येत नाही किंवा थेंबभरच येते, असे दिसल्यास मूत्रमार्ग तुंबल्याची शंका घ्यावी. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने हा धोका त्याला विशेष असतो. रक्तातील पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. घरच्यांना ही बद्धकोष्ठाची तक्रार वाटते आणि मोलाचा वेळ निघून जातो. अशा वेळी रात्र असली तरी पशुवैद्य गाठावा. म्हणून नव्या गावी आल्यावर बँकेतील खात्याच्या पत्त्यातील बदलाइतक्याच तत्परतेने जवळच्या पशुवैद्याचा पत्ता व रात्रीचा दूरध्वनी क्रमांक नोंदवून ठेवावा. चंदीगड-मोहाली परिसरातील कुटुंबांना गुंतागुंतीच्या आजारासाठी लुधियाना येथील गुरू अंगद देव पशुवैद्यकीय व पशुविज्ञान विद्यापीठाच्या रुग्णालयाचाही आधार आहे. मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून हे कार्य करीत आले आहे.

घरातील औषधे मांजराला कदापि देऊ नयेत. माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवून निकामी करण्याची क्षमता त्याच्या यकृतात अत्यल्प असते.

पेटीची परीक्षा

तपासणीत आजार आढळला नाही, तर पेटीकडे मांजराच्या दृष्टीने पाहावे. पुढील बाबी क्रमाने तपासाव्यात.

संख्या : घरात जितकी मांजरे, त्याहून एक पेटी अधिक असावी. एका मांजरास दोन, दोहोंस तीन. सर्व पेट्या एकाच कोपऱ्यात मांडल्यास मांजराच्या लेखी ती एकच जागा ठरते. शिवाय दोन मांजरांपैकी जे वरचढ असते ते वाट अडवून बसते.

आकार : नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट तरी पेटी लांब असावी. दुकानात मिळणाऱ्या अनेक पेट्या याहून लहान असतात. भांड्यांच्या दुकानातील मोठा, पसरट प्लास्टिकचा टब कमी खर्चात हे काम उत्तम करतो. झाकणाची पेटी माणसाला नीटनेटकी वाटते, परंतु तिच्यात दर्प कोंडतो आणि मांजराला बाहेर पाहता येत नाही.

माती : बारीक दाण्याची, बिनवासाची, गुठळ्या होणारी माती बहुतेक मांजरांना रुचते. सुवासिक माती माणसासाठी बनवलेली असते. मांजराच्या तीक्ष्ण नाकाला तो सुवास जाच वाटू शकतो. थर साधारण तीन सेंटिमीटरचा असावा. निवड कळत नसेल, तर दोन पेट्यांत दोन प्रकार घालून शेजारी ठेवाव्यात. मांजर स्वतःच कौल देते. मातीचा प्रकार बदलायचा असल्यास जुन्या मातीत नवी थोडी थोडी मिसळावी.

जागा : पेटी शांत, परंतु सहज पोहोचता येईल अशा ठिकाणी असावी. धुण्याचे यंत्र, सतत उघडझाप होणारे दार आणि अन्नपाण्याची भांडी यांपासून ती दूर ठेवावी. एयरोसिटीसारख्या ठिकाणी हिवाळ्यात व कडक उन्हाळ्यात बाल्कनीचा मोह टाळून ती घराच्या आत, विमानांचा आवाज कमी येईल अशा खोलीत ठेवावी. उन्हाळ्यात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावे व ओला आहार वाढवावा. मूत्र जितके पातळ, तितका मूत्राशयास आराम.

स्वच्छता : गुठळ्या व विष्ठा दिवसातून किमान एकदा काढाव्यात आणि ठरावीक काळाने सर्व माती बदलून पेटी साध्या साबणाने धुवावी. ही माती शौचकुपात टाकू नये. ती फुगून नळ तुंबतो. रोजच्या सफाईचे आणखी एक महत्त्व आहे. मांजराच्या विष्ठेतून पसरू शकणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. रोज सफाई केल्यास तो धोका पुष्कळ घटतो. गर्भवती स्त्रीने मात्र हे काम घरातील इतरांकडे सोपवावे.

डाग, दर्प आणि फिनाईल

जेथे एकदा वास राहिला तेथे मांजर पुन्हा जाते. म्हणून डाग पुसणे हा उपचाराचाच भाग होय. ओलावा टिपून घेऊन जागा प्रथम थंड पाण्याने व नंतर एन्झाइमयुक्त धुण्याच्या पावडरीच्या द्रावणाने स्वच्छ करावी. अमोनिया असलेली द्रावणे वापरू नयेत. त्यांचा वास मूत्राच्या वासाशी मिळताजुळता असतो. आपल्या घरोघरी फरशीसाठी वापरले जाणारे फिनाईल तर मांजराच्या घरात नसावेच. त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये पंजांना लागतात, मांजर पंजे चाटते आणि विषबाधा संभवते. पेटी फिनाईलने धुतल्यामुळे मांजराने ती सोडली, असा अनुभव दुर्मीळ नाही.

डाग भिंतीवर वा दाराच्या चौकटीवर उभा दिसला आणि मांजर उभ्याने, शेपूट थरथरवत फवारा मारताना आढळले, तर तो हद्द आखण्याचा प्रकार समजावा. निर्बीजीकरण हा त्यावरील मुख्य उपाय. त्याने सुमारे नव्वद टक्के बोक्यांत हा प्रकार बंद होतो किंवा पुष्कळ कमी होतो. बाहेरचे मांजर खिडकीत येऊन बसत असेल, तर खिडकीचा खालचा भाग काही दिवस झाकून टाकावा.

स्थलांतराची रीत

बदलीच्या वेळी मांजराची जुनी पेटी न धुता, तिच्यातील थोड्या मातीसह बरोबर न्यावी. नव्या घरात पहिले काही दिवस त्याला एकच खोली द्यावी. तेथे एका बाजूस पेटी, दुसऱ्या बाजूस अन्नपाणी आणि जुन्या वासाचे अंथरूण ठेवावे. मांजर नीट जेवू लागले व पेटी वापरू लागले की एकेक खोली उघडावी. सवय आधीच मोडली असेल, तरीही हीच रीत पुन्हा पहिल्यापासून अवलंबावी. एखादी जागा त्याने धरूनच ठेवली असल्यास तेथेच दुसरी पेटी ठेवावी आणि वापर सुरू झाल्यावर ती रोज वीतभर सरकवत योग्य जागी न्यावी.

नाक घासणे, मारणे, ओरडणे हे उपाय निरुपयोगी व घातक आहेत. शिक्षेमुळे मांजराला एवढेच कळते की माणसासमोर विसर्जन करणे धोक्याचे आहे. मग ते पलंगाखाली, कपाटामागे जाते. भीतीने मूत्राशयाचा दाहही वाढतो. त्याऐवजी तारीख, वेळ, जागा आणि घरात त्या दिवशी काय घडले याची वहीत नोंद ठेवावी. पंधरा दिवसांच्या नोंदी पाहिल्या की कारण बहुधा उघड होते, आणि पशुवैद्यालाही त्या वहीचा मोठा उपयोग होतो.

सुधारणा काही आठवड्यांत दिसू लागते. क्वचित अधिक काळ लागतो. त्या काळात ‘सोडून द्यावे’ हा विचार पुन्हा डोके वर काढतो. घरात वाढलेले मांजर बाजारपेठेच्या कडेला सोडले तर स्वतःचे पोट भरेल ही समजूत खोटी आहे. उपासमारीची वेळ येईल अशा स्थितीत प्राण्यास विनाकारण टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अपराधही आहे. मुख्य म्हणजे, पेटी सोडून रजईवर गेलेले मांजर आपल्या परीने एक तक्रारच नोंदवीत असते. त्याला दुसरी भाषा येत नाही. शाखेत आलेल्या तक्रारीचे कारण शोधून निवारण करण्याची सवय ज्यांच्या अंगी आहे, त्यांना घरातील ही तक्रार ऐकून घेणे अवघड जाऊ नये. एक पसरट टब, थोडी बिनवासाची माती, पशुवैद्याची वेळेवर भेट आणि काही आठवड्यांचा संयम एवढ्या खर्चात घरातील मुका सोबती घरातच राहू शकतो.