पत्र्याचा कूलर, पाणी आणि वीज : उन्हाळ्यापूर्वीची एहतियात

बंधूंनो, आपल्या भद्रावतीत पश्चिम आणि दक्षिण भारताची वीजजाळी जोडणारे १००० मेगावॉटचे केंद्र १९९० च्या दशकात उभे राहिले. एवढी मोठी वीज इंजिनिअर लोक सांभाळतात. आपल्या खिडकीतला कूलर मात्र आपल्यालाच सांभाळता येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जातो. घरोघरी, दुकानोदुकानी पत्र्याचे कूलर लागतात आणि दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी घरी करंट लागून मातम होतो.

हा प्रसंग माझ्या कापडाच्या दुकानातही आला होता. पाणी टाकायला गेलेला नोकर मुलगा कूलरला चिकटला. गल्ल्यावरच्या माणसाने मेन स्विच पाडला म्हणून तो वाचला, अलहम्दुलिल्लाह. नंतर पाहिले तर तीन पिनांच्या प्लगऐवजी दोन पिनांचा प्लग लावलेला होता आणि हिरवी वायर कापून टाकलेली होती. बोर्डात जागा नव्हती म्हणून तसे केले होते, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत झाले होते. विजेचे काम मला कळत नाही अशी माझी समजूत होती. त्या दिवसापासून जे शिकलो ते येथे देतो.

धोका कशामुळे होतो?

कूलरमध्ये पाणी, लोखंडी पत्रा आणि वीज एकत्र असतात. पंपाची किंवा मोटारीची वायर सोलली गेली की करंट पत्र्यावर उतरतो. कूलर तरीही चालूच राहतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. ओल्या हातांनी आणि अनवाणी पायांनी माणूस पत्र्याला लागला की शरीराचा अडथळा साधारण १००० ओहमपर्यंत खाली येतो. २३० व्होल्टला १००० ने भागले तर ०.२३ अ‍ॅम्पिअर, म्हणजे २३० मिली अ‍ॅम्पिअर होतात. ३० मिली अ‍ॅम्पिअरच्या पुढचा करंट काही क्षण टिकला तरी हृदयाला धोका असतो. ६ अ‍ॅम्पिअरच्या एमसीबीला तर हा करंट कळतसुद्धा नाही. एमसीबी किंवा फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. माणूस वाचवणे हे त्याचे काम नव्हे.

अर्थिंग एकटे पुरत नाही

अर्थिंग पाहिजेच. प्लगची जाड, लांब पिन अर्थिंगची असते आणि तिची हिरवी वायर कूलरच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट आवळावी. परंतु उन्हाळ्यात जमीन सुकते. समजा खड्ड्याचा अडथळा २० ओहम झाला, तर पत्र्यावर उतरलेला करंट ११.५ अ‍ॅम्पिअरच होईल. १६ अ‍ॅम्पिअरचा एमसीबी त्यावर पडणार नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहील. म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे. नळाच्या पाइपला अर्थिंग जोडू नये. आज पाइपच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा असतो. न्यूट्रल पत्र्याला जोडणे तर सरळ मरणाला बोलावणे आहे.

खरी राखण ३० मिली अ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी करतो. फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परतलेला करंट तो सतत ताडून पाहतो. फरक पडला की क्षणार्धात लाइन तोडतो. आपल्या धंद्यातला गठ्ठा पाठवताना आणि उतरवताना मोजण्यासारखाच हा हिशेब आहे. दर महिन्याला त्याचे ‘टी’ बटन दाबून पाहावे. पडला नाही तर बदलावा. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी इन्व्हर्टरची लाइनही आरसीसीबीखाली आहे याची खात्री करून घ्यावी.

कूलर लावण्यापूर्वी

१) वायर तीन कोअरची आणि सलग असावी. टेप लावलेला जोड पाण्याजवळ चालत नाही.

२) प्लगची जागा पाण्याच्या टाकीपेक्षा उंच आणि पावसापासून आडोशाला असावी. वायरला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी प्लगकडे न जाता झोळावरून गळते.

३) स्विच फेजवर आहे का हे तपासून घ्यावे. न्यूट्रलवर असेल तर बटन बंद करूनही पंपात वीज राहते.

४) पाणी भरताना किंवा ताटी बदलताना प्लग काढावा. नुसते बटन बंद करणे पुरेसे नाही.

५) हिवाळाभर पडून राहिलेला पंप आणि मोटार मेगरने तपासून मगच लावावी.

अंगणात गीझर किंवा आता श्रीमंतांकडे येऊ लागलेला गरम पाण्याचा टब बसवायचा असेल तरी कायदा हाच आहे. फक्त त्याचा भार मोठा, म्हणून वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी आणि वेगळा आरसीसीबी लागतो. नवीन वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे, असा सरकारी नियम आहे.

करंट लागल्यास

माणसाला हात लावू नये. आधी मेन स्विच पाडावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे. त्याच वेळी दुसऱ्याने ११२ वर फोन करावा.

कारागीर बंधूंना विनंती

जे भाऊ पत्र्याचे कूलर बनवतात, विकतात किंवा दुरुस्त करतात, त्यांना एक गोष्ट सांगतो. मालातला ऐब लपवून विकणे आपल्या दीनमध्ये जायज नाही. फाटका थान विकला तर गिऱ्हाईक परत येऊन भांडेल. अर्थिंग नसलेला कूलर विकला तर कदाचित परत येणारा उरणारच नाही. हिरवी वायर जोडून द्या, गिऱ्हाइकाला आरसीसीबी घ्यायला सांगा. चार पैसे महाग पडले तरी त्या कमाईत बरकत आहे.

काही जण म्हणतात, मौत अल्लाहच्या हाती आहे. खरे आहे. पण तवक्कुल उंट बांधून करायचा असतो, मोकळा सोडून नव्हे. आज दुकान वाढवण्याआधी कूलरचा प्लग काढा आणि पिना मोजा. दोनच असतील तर उद्या सकाळी पहिले काम तेच करा.