मांजर सारखं चाटतंय? आधी कारण शोधा

पावसाळा सुरू झाला की नवी मुंबईतल्या पावणे, बोनकोडे, खैरणे, तुर्भे या पट्ट्यातल्या मांजरांच्या पालकांकडून एक तक्रार हमखास येते. "डॉक्टर, दिवसभर चाटत बसतं. पोटावरचे केस पार गेलेत, शेपटीच्या बुडाशी खपल्या धरल्यात. आम्ही नुकतंच घर बदललं, त्याचं टेन्शन घेतलं असेल का?"

टेन्शनने मांजर चाटू शकतं, पण ते कारण यादीत सगळ्यात शेवटी येतं. अमेरिकेत 2006 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मानसिक कारणानेच चाटतात असं समजलेल्या 21 मांजरांची त्यात नीट तपासणी झाली. 16 मांजरांना शारीरिक आजार निघाला, 3 मांजरांत शारीरिक आणि मानसिक दोन्ही कारणं होती, आणि निव्वळ मानसिक कारण फक्त दोघांत सापडलं. म्हणून "सवयच आहे त्याला" असं म्हणून सोडून देऊ नका. चाटणं हे लक्षण आहे. त्यामागे बहुतेक वेळा खाज असते किंवा दुखणं असतं.

कुठे चाटतं ते पाहा

शेपटीचं बूड, कंबर आणि मांड्यांची मागची बाजू: पिसवांची शक्यता सर्वांत जास्त. मान, चेहरा आणि कान सारखे खाजवत असेल तर कानातले किडे, खरूज किंवा अन्नाची ॲलर्जी. कानाच्या कडांवर जाड खपल्या धरल्या तर खरजेचा संशय घ्यावा. फक्त खालचं पोट चाटत असेल तर मूत्राशयाला सूज असू शकते, तेव्हा लघवीकडे लक्ष द्या. म्हाताऱ्या मांजराने एकाच सांध्यावरची जागा चाटून गुळगुळीत केली असेल, तर तो सांधा दुखतोय का हे तपासून घ्यावं लागतं.

केस आपोआप गळलेत की चाटून तुटलेत, हे बोटाला कळतं. टक्कल पडलेल्या जागेवरून केसांच्या उलट दिशेने हलकेच बोट फिरवा. आखूड, टोचणारे खुंट लागले तर केस जिभेने तुटलेत. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले कडक काटे असतात, आणि ही खवणी तासन् तास फिरली की आधी केस जातात, मग कातडी सोलते, मग त्यात जंतू शिरतात.

पिसू दिसली नाही म्हणजे नाही असं नव्हे

ॲलर्जी असलेल्या मांजराला मोजक्या पिसवांच्या चाव्यानेही अंगभर खाज सुटते. शिवाय ते चाटता चाटता पिसवा गिळून टाकतं, त्यामुळे अंगावर एकही सापडत नाही. अशा वेळी बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या बुडापासचे केस विंचरा आणि फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. मिनिटभरात कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. साधी माती असेल तर असा रंग सुटत नाही.

आपल्याकडच्या दमट हवेत पिसवा बारा महिने असतात, पावसात वाढतात. त्यांची अंडी आणि अळ्या मांजराच्या अंगावर कमी आणि गादीत, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात जास्त असतात. म्हणून घरातल्या सगळ्या मांजर-कुत्र्यांना एकाच वेळी औषध द्यावं, अंथरुणं गरम पाण्यात धुवावीत आणि हा क्रम निदान तीन महिने चालू ठेवावा.

मानेवर सोडायचं औषध मांजरांसाठीचंच आणि वजनाप्रमाणे घ्या. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजराला लावलं तर थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी पाण्यात मिसळून लावायचं सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनही मांजराच्या अंगावर टाकू नका.

जखम वरून लहान, आतून खोल

बाहेर फिरणाऱ्या बोक्यांची भांडणं ठरलेली. दुसऱ्या मांजराचा सुळा लागला की वर टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं. ते लवकर मिटतं आणि दातातले जंतू आत कोंडले जातात. तीन-चार दिवसांत तिथे गरम, दुखरी गाठ येते, मांजर जेवण सोडतं, कोपऱ्यात बसतं. हे गळू आहे. ते घरी दाबून फोडू नका. डॉक्टर ते उघडून पू काढतात, आत धुतात आणि जरुरीप्रमाणे अँटिबायोटिक देतात.

उघड्या जखमेवर पावसाळ्यात माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात. त्यावर टर्पेंटाइन किंवा फिनाइल ओतायची पद्धत मांजराच्या बाबतीत जीवघेणी आहे. अळ्या दिसल्या की त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एमआयडीसीतल्या मांजरांसाठी

पावण्यातली कितीतरी मांजरं गोदामात, कंपनीच्या कँटीनमागे, ट्रकखाली राहतात. त्यांच्या अंगाला ग्रीस, रंग, थिनर, रसायनाची पूड किंवा उंदरांसाठी लावलेला चिकट गोंद लागतो. मांजर ते चाटून साफ करायला जातं आणि विष पोटात जातं. इथे पहिला उपचार एकच, चाटू न देणं. मांजराला टॉवेलात गुंडाळून धरा. पूड असेल तर आधी कोरड्या कापडाने झटका. ग्रीस किंवा गोंद असेल तर खाण्याचं तेल चोळून सैल करा आणि भांडी घासायच्या सौम्य लिक्विडने कोमट पाण्यात धुवा. रॉकेल, पेट्रोल, थिनर वापरू नका. ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा लागला असेल तर हातमोजे घालून निदान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि मग दवाखान्यात न्या. पिंपावरच्या लेबलचा फोटो सोबत आणा. रसायनाचं नाव कळलं की उपचाराचा वेळ वाचतो.

घरी काय करावं

साधं खरचटलं असेल तर अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवा आणि त्याने जखम धुवा. भोवतीचे केस कापा. पोव्हिडोन आयोडीन लावायचं असेल तर कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करा आणि सुकेपर्यंत चाटू देऊ नका.

"जनावर आपली जखम चाटूनच बरी करतं" हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लाळेत जंतूंना रोखणारे थोडे घटक असतात हे खरं, पण तोंडात जंतूही भरपूर असतात आणि काटेरी जीभ नवी कातडी धरू देत नाही. म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर घाला. कडा नाकाच्या थोडी पुढे यावी, गळ्याशी दोन बोटं जावीत. पहिल्या दिवशी मांजर धडपडतं, मागे मागे चालतं. तेवढ्याने दया येऊन काढू नका. फक्त जेवताना, तुम्ही समोर असताना, काढलीत तरी चालेल.

हे कधीही नको

डेटॉल आणि फिनाइल: त्यातले घटक मांजराचं यकृत हाताळू शकत नाही. क्रोसिन, डोलो किंवा कुठलंही पॅरासिटामॉल: एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. कापूर, टी ट्री ऑइल, हायड्रोजन पेरॉक्साइड. घरात पडलेलं खाजेचं स्टिरॉइड मलम: जखम बुरशीची असेल तर ते ती पसरवतं.

घरच्यांची काळजी

मांजराच्या अंगावर गोल, कोंडा धरलेली टक्कलं आणि घरातल्या मुलांच्या हातावर गजकर्ण, असं एकदम दिसलं तर दोघांनाही दाखवा. ही बुरशी मांजराकडून माणसाला लागते आणि उपचार काही आठवडे चालतात. मांजर चावलं किंवा नखाने रक्त आलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. मांजराचीही रेबीजची लस वेळच्या वेळी द्या.

वाट पाहू नका

चोवीस तास जेवलं नाही, गाठ आली, दुर्गंधी सुटली, अळ्या दिसल्या, श्वास जोरात चालला, हिरड्या निळसर-तपकिरी झाल्या किंवा बोका लघवीला बसून थेंबही होत नसेल, तर लगेच जवळचा पशुवैद्य गाठा. गुंतागुंतीच्या आजारासाठी परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, जुन्या मुंबईकरांचं बैलघोडा हॉस्पिटल.

पिसवा, बुरशी, ॲलर्जी, दुखणं, सगळं तपासून झालं आणि तरीही चाटणं थांबलं नाही, तर मग टेन्शनचा विचार करू. लपायला जागा, चढायला उंच फळी, रोज ठरलेल्या वेळी खेळ आणि जेवण, दोन मांजरांना दोन वेगळी भांडी, याने पुष्कळ फरक पडतो. पण चाटल्याबद्दल मांजराला ओरडू नका, मारू नका. त्याला होणारा त्रास सांगायचा त्याच्याकडे दुसरा मार्ग नाही, आणि तो ओळखणं ही आपली जबाबदारी आहे.