उद्वेगी रुग्णाच्या सवयी आणि पादांशिक क्रम

चित्तोद्वेगाचा रुग्ण 'मला चिंता वाटते' असे सांगत वैद्याकडे क्वचितच येतो. आपल्या भंडारा जिल्ह्यात तो 'जीव घाबरते', 'छातीत धडधड होते', 'गॅस वर चढते', 'मन लागत नाही' असे म्हणतो. नाडी पाहून, पथ्य सांगून, औषध देऊन आपण त्याला परत पाठवतो. परंतु दोन भेटींच्या मधल्या काळात हा रुग्ण आपल्या घाबरेपणाशी स्वतःच्या रीतीने झुंजत असतो. कुणी कुलूप चारदा ओढून पाहतो, कुणी पदराला गाठी मारतो व सोडतो, कुणी खिशात गोळीची पट्टी बाळगतो, कुणी दर तासाला खर्ऱ्याची पुडी उघडतो. या सवयी रुग्ण सांगत नाही, कारण त्याला त्यांची लाज वाटते; आणि आपण विचारत नाही, कारण त्या आपणांस क्षुल्लक वाटतात. प्रस्तुत लेखात याच सवयींचा चिकित्सेच्या दृष्टीने विचार करण्याचे योजिले आहे.

शास्त्रातील स्थान

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सहाव्या अध्यायात रज व तम या मानस दोषांचे विकार सांगताना काम, क्रोध, शोक यांच्या बरोबरीने चित्तोद्वेग व भय यांची गणना केली आहे. सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात वाताच्या ऐंशी नानात्मज विकारांत अस्वप्न आणि अनवस्थितचित्तत्व यांचा समावेश आहे. म्हणजे मनाची अस्थिरता हा केवळ मनाचा विषय नसून वाताशी जोडलेला विषय आहे. भयज व शोकज अतिसार तर आपण सर्वांनी अभ्यासलेलेच आहेत.

आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अध्याय म्हणजे सूत्रस्थानाचा सातवा, नवेगान्धारणीय. या एकाच अध्यायात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिली, जे वेग धारण करू नयेत ते तेरा वेग. दुसरी, जे धारण करावेत ते मनाचे वेग. त्यांत लोभ, शोक, भय, क्रोध आहेत. आणि तिसरी, जडलेली अहितकर सवय कशी सोडावी व हितकर सवय कशी लावावी याचा क्रम. उद्वेगी रुग्णाच्या बाबतीत या तिन्हींची एकत्र गरज पडते.

सवय कशी जडते

घाबरेपणा वाढला असता मनुष्य असे काहीतरी करतो की ज्याने घटकाभर बरे वाटते. कुलूप पुन्हा पाहिले की छाती हलकी होते. परंतु त्यातून मन एक चुकीचा धडा शिकते: 'पाहिले म्हणून वाचलो.' न पाहताही काही बिघडले नसते, हे कळण्याची संधीच उरत नाही. पुढच्या वेळी भय अधिक जोराने येते आणि दोनदा पाहणारा चारदा पाहू लागतो. पाश्चात्त्य मानसशास्त्रात पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९९१ साली या प्रकाराची मांडणी 'सुरक्षा वर्तन' या संकल्पनेने केली. आपल्या परिभाषेत हा प्रज्ञापराधाचाच एक प्रकार म्हणता येईल. धी म्हणते दार लागले आहे, स्मृतीही तेच सांगते, परंतु धृती कमी पडते.

मात्र प्रत्येक विचित्र सवय म्हणजे रोग नव्हे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला होता. त्यानंतर नदीकाठचा कुणी मनुष्य श्रावणातल्या झडीत रात्री उठून पाणी पाहत असेल तर ते शहाणपण होय. तोच मनुष्य चैत्रातही उठून पाहत असेल तर विचारपूस करावी.

सवयींचे तीन वर्ग

सोयीसाठी आम्ही या सवयींचे तीन वर्ग करतो.

१) निरुपद्रवी सवयी. जपमाळ फिरवणे, पदराची गाठ चाळवणे, मनातल्या मनात पायऱ्या मोजणे, ठराविक जागीच बसणे, निजण्यापूर्वी काशाच्या वाटीने तळपाय घासून घेणे. यांनी कुणाचे नुकसान होत नाही. यांची थट्टा करू नये व यांना हातही लावू नये. तळपाय घासण्याची सवय तर पादाभ्यंगाचेच घरगुती रूप आहे. ती वाढवावी.

२) जीवन आकुंचित करणाऱ्या सवयी. गर्दीच्या भीतीने आठवडी बाजार टाळणे, एकट्याने एस. टी. त न बसणे, मंडईला वा लग्नकार्याला न जाणे, घरच्यांना 'मला काही होणार नाही ना?' असे दिवसातून वीसदा विचारणे, रोज औषधी दुकानात जाऊन रक्तदाब मोजून घेणे. एक प्रकार विशेष सांगण्याजोगा आहे. प्रवासात वा रोवणीच्या दिवसांत बांधीवर शौचाची सोय नसेल या धास्तीने अनेक स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मूत्रवेग धरून ठेवतात. येथे जो वेग धरावा तो भयाचा वेग मोकळा सुटलेला असतो आणि जो धरू नये तो धरला जातो. मूत्रदाह, मलावष्टंभ व शिरःशूल घेऊन आलेल्या अशा रुग्णेला केवळ गोक्षुर देऊन भागत नाही.

३) शरीराचा घात करणाऱ्या सवयी. आपल्या भागात यांत अग्रक्रम खर्ऱ्याचा. सुपारी, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला हा पदार्थ पानठेल्यावर सहज मिळतो. त्याखालोखाल गुडाखू, मद्य व चिठ्ठीविना घेतलेल्या झोपेच्या गोळ्या.

खर्रा आणि घाबरेपणा

'खर्रा खाल्ला की डोके शांत होते' हे वाक्य आपण नित्य ऐकतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. तंबाखूतील निकोटिनचे रक्तातील प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. ते उतरू लागले की अस्वस्थता, चिडचिड व लक्ष न लागणे ही लक्षणे सुरू होतात. रुग्ण यालाच घाबरेपणा समजतो, पुन्हा पुडी उघडतो आणि त्याला बरे वाटते. जो त्रास खर्ऱ्याने निर्माण केला तोच खर्रा तात्पुरता मिटवतो, व श्रेय मात्र पूर्ण घेतो.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करतात, आणि त्यांतील बहुतेकांची तंबाखू धूरविरहित असते. राज्यात गुटख्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी आली, पण सवय पुडी बदलून टिकून राहिली. सुपारी ही तंबाखूविनाही कर्ककारक आहे, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. म्हणून प्रत्येक उद्वेगी रुग्णाचे तोंड उघडून पाहावे. स्वतःची तीन बोटे उभी आत जात नसतील, गालाची आतली त्वचा पांढुरकी व ताठ लागत असेल, तिखट सोसत नसेल, तर त्यास विनाविलंब दंत वा मुखरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

सवय काढण्याचा क्रम

सवयीवर एकदम घाव घालणे ही आपल्याकडून सहज घडणारी गोष्ट आहे. 'उद्यापासून बंद' असे बजावले की रुग्ण मान डोलावतो आणि पुढच्या खेपेस येत नाही. ओकसात्म्य झालेली गोष्ट अहितकर असली तरी ती एकाएकी सोडल्यास त्रास होतो. म्हणून चरकांनी अहितकराचा पाव भाग सोडून तितकाच हितकर भाग त्याच्या जागी घ्यावा व एक, दोन, तीन दिवस अशा वाढत्या अंतराने पुढे जावे, असा क्रम सांगितला आहे. पादांश म्हणजे नेमका किती याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत. व्यवहारात पाव भाग धरणे सोयीचे पडते. क्रमाने सोडलेले दोष परत येत नाहीत व क्रमाने मिळवलेले गुण ढळत नाहीत, असे त्याचे फल सांगितले आहे.

हा क्रम आहाराप्रमाणेच वर्तनासही लागू करता येतो. समजा, एखादा रुग्ण रात्री आठ वेळा कुलूप पाहतो. त्याला सहा वेळा पाहण्यास सांगावे, आणि उरलेल्या दोन वेळांच्या जागी अंथरुणावर बसून दीर्घ, संथ श्वसन किंवा पादाभ्यंग द्यावे. ते अंगवळणी पडले की चार, मग दोन, शेवटी एक. प्रत्येक पायरीवर घाबरेपणा वाढेल, काही वेळ टिकेल आणि आपोआप ओसरेल, हे आधीच सांगून ठेवावे. ओसरण्याचा हा अनुभव हेच खरे औषध होय. बाजार टाळणाऱ्यासही असेच न्यावे: प्रथम बाजाराच्या तोंडापर्यंत, मग सोबतीने आत, मग एकट्याने एक वस्तू आणणे.

खर्ऱ्याच्या बाबतीत पुड्यांची संख्या घटवताना लवंग, बडीशेप वा ओवा तोंडात ठेवण्यास द्यावा. सुपारी मात्र कोणत्याही रूपात देऊ नये. संख्या घटवणे म्हणजे सोडणे नव्हे, म्हणून शेवटच्या पुडीची तारीख रुग्णाकडूनच ठरवून घ्यावी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी उपलब्ध आहे. तो चिठ्ठीवर लिहून द्यावा.

या सर्वांस औषधी साहाय्यक आहेत. ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी, अश्वगंधा, तसेच अभ्यंग व शिरोधारा यांचा उपयोग आपण जाणतोच. परंतु थायरॉइडची क्रिया वाढलेल्या रुग्णात अश्वगंधा टाळावी, यकृतविकारात जपून वापरावी, आणि झोपेच्या गोळ्या चालू असलेल्यास मेध्य व निद्राजनन द्रव्ये देताना गुंगी वाढण्याचा विचार करावा.

सत्त्वावजय हा शब्द आपल्या शास्त्राचा असला तरी त्याची रोजची रीत बसवण्यासाठी इतरांकडून घेण्यास संकोच नसावा. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मुंबईचे कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था उभी केली. ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी यांनी मानस दोष शमतात असे जे चरक सांगतात, त्याच दिशेचे हे काम आहे.

विचारावयाचे पाच प्रश्न

१) घाबरल्यावर आपण काय करता? २) ते केले नाही तर काय होईल असे वाटते? ३) केल्यावर किती वेळ बरे वाटते? ४) दिवसातून किती वेळा करावे लागते? ५) यापायी कोणते काम, कोणते गाव, कोणते माणूस सुटले?

पाचव्या प्रश्नाच्या उत्तरावरून व्याधीचे बल कळते. हे प्रश्न रुग्णास एकट्यास विचारावेत. सासूसमोर सून किंवा मुलासमोर बाप खरे सांगत नाही.

औषधी दुकानदारांसाठी

रुग्ण वैद्यापूर्वी पुष्कळदा आपल्या दुकानाची पायरी चढतो. रोज रक्तदाब मोजून घेणारा, दर आठवड्याला गॅसची गोळी नेणारा, 'ती झोपेची पट्टी द्या' म्हणणारा गिऱ्हाईक आपण ओळखता. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही औषधे अनुसूची एच-१ मध्ये येतात. १ मार्च २०१४ पासून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे व ती तीन वर्षे जतन करणे बंधनकारक आहे. चिठ्ठीविना ही औषधे देऊ नयेत. परंतु जो रुग्ण कित्येक महिने ती घेत आहे त्याला 'आजच बंद करा' असेही सांगू नये. अशी गोळी अचानक थांबवल्यास तीव्र अस्वस्थता, निद्रानाश, क्वचित झटकेही येऊ शकतात. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडूनच क्रमाने कमी करून घ्यावी. रोज रक्तदाब मोजणाऱ्यास आठवड्यातून एक वार ठरवून द्यावा. तोही पादांशिक क्रमच होय.

कोठे थांबावे

छातीत दुखणे, घाम व धाप पहिल्यांदाच आली असेल तर तिला चित्तोद्वेग म्हणण्यापूर्वी हृदयाचा आलेख काढून घ्यावा. वजन घटत असेल, हात थरथरत असतील, तर थायरॉइड तपासावे. धुणे, मोजणे, पाहणे यांत रोज तासाहून अधिक वेळ जात असेल, मद्याशिवाय दिवस निघत नसेल किंवा 'जगून काय उपयोग' असे शब्द कानी पडले, तर जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय येथील मनोविकारतज्ज्ञांकडे रुग्णास सोबत देऊन पाठवावे. केंद्र शासनाची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क चालू आहे. हा क्रमांक दुकानाच्या दर्शनी भागी लावावा.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्या शेजारची मध्यप्रदेश व छत्तीसगड ही राज्ये होती. विविध मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना राहतात असे त्यात दिसून आले. हे रुग्ण कोठे असतात? ते आपल्याच दारात गॅसची गोळी मागत, पदराची गाठ चाळवत, खिशातली पुडी चाचपत उभे असतात. त्यांची सवय हसण्यावारी न नेता तिच्याविषयी एक प्रश्न विचारणे, एवढे तरी प्रत्येक वैद्याने व औषधी दुकानदाराने या तिमाहीत सुरू करावे, अशी आमची नम्र विनंती आहे.